सुकन्याचा राहिलेला विषय

“‘ओन्ली इफ’ राहिलं,” मी म्हणाले. “परत पयल्यापासनं.”

माझ्या सुनेने, सुकन्याने, हातातली लसणाची पाकळी तशीच धरून डोळे मिटले आणि फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा नियम पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हटला. मी पुस्तक मांडीवर घेऊन ओळीवर बोट फिरवीत होते. जुन्या सातवीपर्यंत शिकताना इंग्रजी अक्षरे मी गिरवली होती. अर्थ मला कळत नव्हता आणि माझ्या कामाला त्याची गरजही नव्हती. शब्द पुढेमागे झाला की माझे बोट थांबे आणि बोट थांबले की सुकन्या थांबे. माझ्या वडिलांनी माझ्याकडून पावकी-निमकी याच रीतीने करून घेतली होती आणि ती आजही मला येते.

“आगं पर म्हंजी काय, ते तरी सांग,” खाटेवरून द्वारकाबाई म्हणाल्या. “नुसतं मंत्रावानी काय म्हनतीस?”

द्वारकाबाई माझ्या थोरल्या जाऊ. वर्षभरापूर्वी त्यांचे उजवे अंग गेले. बोलणे थोडे जड झाले, पण जिभेची धार गेली नाही. त्यांची एकुलती लेक रतन लोणी देवकरला दिली आहे. तिचा नवरा तिथल्या एका कारखान्यात आहे. आईला घेऊन जाते असे रतन म्हणाली होती, पण मी नाही म्हटले. काटेवाडीच्या आमच्या घरात आलेली सून आजारपणात लेकीच्या दारात पाठवायची नाही, असे माझे मत होते. शिवाय त्यांचे सगळे सुकन्याच करीत होती. त्यांना पुसणे, कुशीवर वळवणे, भाकरी दुधात कुस्करून डाव्या गालाकडून भरवणे ही कामे तिच्या अंगवळणी पडली होती, आणि द्वारकाबाईंना तिच्यावाचून दुसऱ्या कोणाचा हात चालत नव्हता.

“असं बघा, थोरल्या आत्या,” सुकन्या खाटेकडे सरकली. “पत्र्यावर उजेड पडला की त्यातनं बारीक कन बाहेर पडत्यात. पर कुठलाबी उजेड चालत न्हाय. त्याला ठरल्या जातीचाच लागतो. दुसऱ्या जातीचा ढीगभर उजेड टाका, येक कन हालत न्हाय. आन ठरल्या जातीचा इवलासा जरी पडला, तरी लगीच उठतो.”

द्वारकाबाईंनी थोडा विचार केला. “तुजे सासरे व्हते की तशे. उशाशी बँड वाजीव, हालायचे न्हाईत. आन सुक्या बोंबलाचा वास आला की ताडकन उठून बसायचे.”

सुकन्या पदराआड हसली. मी हसले नाही. गेलेल्या माणसाची थट्टा मला आवडत नाही, विशेषतः ती खरी असेल तर.

“अर्थ परीक्षेत कोन इचारत न्हाय,” मी म्हणाले. “म्होरचं म्हन.”

पुढचे अणूच्या क्षयाचे होते. ते न अडखळता झाले. द्वारकाबाईंनी त्याचाही अर्थ मागून घेतला. ठरावीक काळात निम्मे उरते, मग त्याच्या निम्मे, मग त्याच्याही निम्मे, असे सुकन्याने त्यांना सांगितले.

“म्हंजी कदी सरतच न्हाय म्हन की.”

“न्हाय. निसतं कमी कमी हुत जातं.”

“लई वंगाळ,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बालवाडीतल्या मुलांचे नाक पुसणाऱ्या बाईला हे सारे कशासाठी हवे, हा प्रश्न गावात पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर साधे आहे. सुकन्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस होती. घरोघर फिरून मुले गोळा करणे, खोली झाडणे, पाणी भरणे, खिचडी वाढणे आणि ताटे घासणे हे तिचे काम. सेविका मुक्ताबाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मदतनिसालाच आधी विचारले जाईल, मात्र ती बारावी उत्तीर्ण असली पाहिजे, असे पर्यवेक्षिकाबाई सांगून गेल्या होत्या. सुकन्याची बारावी एका विषयावर अडली होती. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली ही मुलगी हुशार म्हणून तिला विज्ञान शाखेला घातले. तिथे सगळे इंग्रजीतून. बाकीचे विषय तिने कसेबसे सोडवले, फिजिक्स मात्र राहिले. त्याच उन्हाळ्यात आम्ही तिला पाहायला गेलो आणि लग्न होऊन ती आमच्याकडे आली. तो विषय पुढे कोणी काढला नाही. तो तिच्या मनात इतकी वर्षे होता, हे मला मुक्ताबाईंची बातमी आल्यावर कळले. त्या दिवशी तिने देवापुढचा दिवा लावला आणि पाठमोरीच म्हणाली, “आत्या, मी परत बसू का?”

“बस,” मी म्हणाले.

माझ्या मुलाला, ऋषिराजला, हे पटले नाही. “खिचडीत करंट सोडायचाय का?” असे तो जेवताना म्हणाला. मी त्याच्या ताटातला भाकरीचा चतकोर उचलून परत टोपल्यात ठेवला. आमच्याकडे एवढे पुरते.

पुस्तक मोठे होते आणि दिवस थोडे. म्हणून विजेचे धडे आणि शेवटचे अणूचे धडे एवढेच पक्के करायचे, बाकीचे सोडून द्यायचे, असे तिच्या जुन्या सरांनी सुचवले. माझा पाठांतरावर विश्वास होता. सुकन्याचा नव्हता. ती मला म्हणून दाखवी आणि द्वारकाबाईंना समजावून सांगे. तारांच्या जोडावर जितकी वीज येते तितकीच बाहेर जाते हा नियम तिने त्यांना कारखान्याच्या चौकातल्या उसाच्या ट्रॉल्यांवरून सांगितला. “मदीच कुनी पोरानं मोळी वढली तर?” असे द्वारकाबाईंनी विचारले. त्या दोघी बोलत असताना मी खोलीत असले तर बोलणे थांबत नसे, पण माझ्याकडे वळतही नसे.

एकदा अशाच बोलण्यात द्वारकाबाई सहज म्हणाल्या, “सुकन्या, माज्या तोंडात शेवटचं पानी तू घाल. रतन लांब हाय. आन ह्या जयवंताचा हात जड हाय, नाकात वतंल.” जयवंता म्हणजे मी.

“घालीन की,” सुकन्या म्हणाली. “पर पेपर झाल्यावर.”

दोघी हसल्या.

पेपर बारामतीला होता. त्या दिवशी सकाळी सुकन्याने लवकर उठून गोठा आवरला, भाकरी केल्या आणि छकुलीची, म्हणजे माझ्या नातीची, वेणी घातली. मी चहाचा कप घेऊन द्वारकाबाईंच्या खोलीत गेले. उजाडले होते. त्या उताण्या होत्या आणि डोळे अर्धवट उघडे होते. मी कप खाली ठेवून त्यांच्या छातीवर हात ठेवला. गोधडीखाली अजून ऊब होती. बाकी काही नव्हते.

आमच्याकडे माणूस जायला लागले की त्याला खाटेवरून खाली, जमिनीवर घेतात. खाटेवर मरण येऊ देत नाहीत. ते राहून गेले होते. आता खाली घ्यायचे तर दोन माणसे हवीत. ऋषिराजला हाक मारायची तर सुकन्या ऐकणार. आणि एकदा घरातून रडण्याचा आवाज उठला की सुतक सुरू होते. मग सून उंबऱ्याबाहेर जात नाही, परीक्षेला तर नाहीच नाही. हा सगळा विचार मला फार वेळ करावा लागला नाही. मी त्यांचे डोळे मिटले. तोंड थोडे उघडे राहत होते, म्हणून चेहरा भिंतीकडे वळवला, गोधडी कानापर्यंत ओढली आणि बाहेर येऊन दारात उभी राहिले.

सुकन्या पुस्तक आणि पॅड पिशवीत घालून आली. निघण्यापूर्वी ती रोज आत जाऊन येत असे.

“आत्ताच डोळा लागलाय,” मी म्हणाले. “रातभर कन्हत व्हत्या. उठवू नगंस.”

“लांबनंच बघते.”

मी दारातून हलले नाही. ती माझ्या खांद्यावरून पाहत राहिली.

“तोंड भिताडाकडं कसं केलंय?” ती म्हणाली. “त्यांना तसं न्हाय सोसत, आत्या. उजव्या अंगावर दाब येतो.”

“मीच फिरीवलं. उजेड डोळ्यावर येत हुता. जा तू. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला आसतो.”

ती आणखी क्षणभर उभी राहिली. मग “येते, थोरल्या आत्या,” असे हळू आवाजात म्हणून माझ्या पाया पडली आणि निघाली. तिचा आणि ऋषिराजचा फोन मी आधीच मागून घेतला होता. केंद्रावर फोन चालत नाही, बाहेरच थांब आणि तिला घेऊनच ये, एवढे सांगणे त्याला पुरले. छकुली शाळेच्या गाडीत बसून गेली. मोटारसायकल रस्त्याला लागल्याचा आवाज येईपर्यंत मी दारातच होते.

त्यानंतर मी आत गेले, तांब्यात तुळशीचे पान टाकले आणि चमच्याने त्यांच्या ओठांत पाणी घातले. ते गालावरून उशीवर आले. दिवा लावला नाही. प्रेताच्या उशाशी दिवा दिसला की येणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. मी खाटेजवळ खाली बसले. आम्ही दोघी या घरात एकाच चुलीवर राबलो. त्यांनी मला पहिली भाकरी थापायला शिकवली आणि ती करपली तेव्हा सासूबाईंना ती स्वतःची म्हणून दाखवली. हे सगळे तेव्हा आठवून रडायचे असते, पण मला आवाज करायचा नव्हता, म्हणून मी ते आठवले नाही.

मध्येच शेजारची कुशाबाई ताक मागायला आली. मी ओसरीवरच तिला ताक दिले.

“द्वारकाबाई कशी हाय?”

“झोपल्यात.”

“आज आवाज न्हाय तिचा. न्हायतर माजी चाहूल लागली की ‘कुशे, तंबाखू आन’ म्हनती.”

“झोपल्यात,” मी पुन्हा म्हणाले. कुशाबाई माझ्याकडे बघत गेली.

पेपर सुरू झाला असेल याची खात्री झाल्यावर मी आधी रतनला फोन केला. मग ओसरीवर येऊन कुशाबाईला हाक मारली. मी रडले तेव्हा वस्तीवरच्या सगळ्या बायका धावत आल्या, आणि ते रडणे खोटे नव्हते.

आमच्या भागात बाईच्या मयताला आंघोळ घालायला कुशाबाईच लागते. चौघींनी मिळून द्वारकाबाईंना खाली घेतले. कुशाबाईने बाकीच्यांना पाणी तापवायला पाठवले, द्वारकाबाईंच्या हनुवटीला हात लावला आणि चेहरा सरळ करायला गेली. मान वळेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. चेहरा जसा मी वळवला होता तसाच, भिंतीकडे, राहिला होता.

“जयवंता,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “ही आत्ता गेलेली न्हाय.”

“न्हाय. पहाटंची.”

“मी ताकाला आले तवा?”

“व्हय.”

“आन मला झोपल्यात म्हनलीस.”

“सुकन्याचा पेपर हाय,” मी म्हणाले.

कुशाबाईने सकाळच्या बंबात उरलेले पाणी माझ्याकडून मागून घेतले. मग तिने कोमट पाण्यात फडका बुडवला, पिळला आणि द्वारकाबाईंच्या मानेवर ठेवला. “धर हिकडनं,” ती म्हणाली. “जोर लावू नगं. मोडंल.” आम्ही दोघींनी शेक देत देत मान सरळ करण्याचा प्रयत्न केला. थोडी आली, पुरती आली नाही. बायका पाणी घेऊन आल्या तेव्हा कुशाबाईने केसांखाली उशीसारखे कापड सरकवले आणि त्यांना काही सांगितले नाही.

रतन आली ती गाडीतून उतरल्यापासून धावत आली. आईच्या अंगावर पडून तिने आक्रोश केला. मग आईचा हात हातात घेतला आणि थांबली. ती बोटे उलगडून पाहत होती. बोटे उलगडत नव्हती.

“काकी, कवा गेली?”

मला खोटे बोलता आले असते. कुशाबाईने तोंड उघडलेही होते. पण विचारल्यावर खोटे सांगण्याची मला सवय नाही.

“उजाडायच्या टायमाला.”

“मग मला फोन दुपारी?”

“तुला सांगितलं असतं तर तू पयलं सुकन्याला कळीवलं असतंस.”

“कळीवलं असतं की,” रतन म्हणाली. “ज्या बाईनं माज्या आईचं हागनंमुतनं काडलं, तिला आधी नको कळाया?” मग तिचा आवाज खाली आला. “काकी, नापास झालेल्यांचा पेपर जुलैत परत आसतो. माज्या दिराच्या पोरानं दिलाय. तुमाला ठावं नव्हतं का?”

“ठावं हुतं. मुक्ताबाईची जागा जुलैपातुर थांबत न्हाय.”

रतनने माझ्याकडे पाहिले. ओसरीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यानंतर माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढेही कामापुरतीच बोलली.

सुकन्या आली तेव्हा सगळी तयारी झाली होती आणि माणसे खोळंबली होती. अंगणातली गर्दी बघून ऋषिराजने मोटारसायकल लांबच थांबवली. ती उतरली. हातात पॅड तसेच होते. गर्दीने तिला वाट दिली. तिरडीजवळ येऊन ती उभी राहिली, द्वारकाबाईंच्या चेहऱ्याकडे तिने पाहिले, आणि मग मान वाकडी करून, ज्या बाजूला तो चेहरा झुकला होता त्या बाजूने पाहिले. मला वाटले होते की ती रडेल. मी तिला धरायला पुढेही झाले.

“तोंड भिताडाकडं व्हतं,” ती म्हणाली.

एवढेच. मला उद्देशून म्हणाली की स्वतःला, हे मला कळले नाही. कुशाबाईने तिच्या हातात पाण्याची वाटी दिली. सुकन्याने पॅड कोणाच्या तरी हातात दिले, खाली बसली आणि तुळशीच्या पानाने पाणी सोडले. जबडा ताठला होता. पाणी आत गेले नाही. तिने पदराने त्यांची हनुवटी पुसली, जशी रोज भरवल्यावर पुसत असे, आणि बाजूला झाली.

दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. ती माणसे गेल्यावर एका दुपारी, आम्ही दोघीच भांडी मांडत असताना, मी सुकन्याला विचारले, “पेपर कसा गेला?”

“चांगला गेला. फोटोइलेक्ट्रिक आलं व्हतं.”

“आठवलं का समदं?”

“आठवलं.” तिने एक ताट पुसून फळीवर ठेवले. “आत्या, मला दिसलं व्हतं. दारातनंच. त्या तशा झोपतच नव्हत्या. रस्त्यानं जाताना मी ह्यांना म्हननार व्हते, गाडी वळवा म्हनून. पर मी म्हनलेच न्हाय. मला पेपरला जायाचं व्हतं.”

“मी सांगितलं म्हनून गेलीस.”

“न्हाय,” ती म्हणाली. “तुमी सांगितलं म्हनून न्हाय.”

मी तिला आणखी समजावले. दोष असेल तर तो माझा आहे, थोरली मी आहे, निर्णय माझा होता, असे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, मान डोलावली आणि उरलेली ताटे पुसली.

निकालात ती उत्तीर्ण झाली. मी वस्तीवर पेढे वाटले. कुशाबाईने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि न खाता पदराला बांधला. पुढे सुकन्याला ती जागाही मिळाली. आज ती सेविका आहे. मुले तिला बाई म्हणतात, पर्यवेक्षिका तिच्यासाठी खुर्ची ओढते, आणि ताटे घासायला तिच्या हाताखाली दुसरी बाई आहे. जे व्हायला हवे होते ते झाले. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तसेच करीन, हे मी रतनलाही सांगितले आहे.

दिवाळीनंतर माझे गुडघे गेले. न्हाणीघरापर्यंत जायचे तरी आता आधार लागतो. सुकन्या माझे सगळे करते. तिच्या हातून एक गोळी चुकत नाही. पाणी कोमट असते, भाकरी मऊ असते, उशी पाठीला हवी तिथेच असते. पूर्वी माझ्याशी ती जितके बोलत असे तितकेच आजही बोलते; त्यात शब्द कमी झालेला नाही. पण हे घर आता संध्याकाळी शांत असते आणि ते मला ऐकू येते.

परवा तिने पायाला तेल लावले, पांघरूण सारखे केले आणि उठली.

“आनखी काय हवंय का, आत्या?”

“न्हाय. बस जरा.”

ती बसली. खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून, पाहुण्याच्या घरी बसावे तशी. मी म्हणाले, “आज काय शिकीवलंस पोरांना?”

“रंग.”

“कुठले?”

“तांबडा, हिरवा. नेहमीचेच.”

ती आणखी काही सांगेल म्हणून मी थांबले. तिने मांडीवरचा तेलाचा डाग नखाने खरवडला. बाहेर गोठ्यात म्हशीने दावे ओढले आणि पुन्हा सगळे निवांत झाले.

“जाऊ का?” तिने विचारले.

“जा,” मी म्हणाले.